नळीचा दोष

१

रॉइसने गांजाची कांडी पेटवली नाही. नुसती नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं.

"आयोन, हिला पेटवायच्या आधीच धुराचा वास येतोय. वर संत्र्याचाही येतोय. चुलीत संत्रं भाजल्यासारखं काहीतरी."

"केमो सुरू झाल्यापासून तुला कॉफीलाही रॉकेलचा वास येतो," आयोन हॅस्केट म्हणाली. "ओढ गुपचूप आणि चार घास खा."

रॉइस तिचा धाकटा भाऊ. त्याचा जन्म जंगलात लाकूडतोडीत गेला आणि आता कुठे पाय पसरून बसायचे दिवस आले, तर रक्ताचा कर्करोग निघाला. औषधांनी त्याच्या पोटात अन्न ठरत नसे. ठरायचं ते गांजाचे दोन झुरके घेतल्यावर. तो गांजा ब्रायर गल्च गावच्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था दर महिन्याला फुकट पाठवायची. या खेपेला काचेच्या नळ्या आल्या होत्या, एकेका नळीत पाच वळलेल्या कांड्या आणि अशा नळ्यांचा एक डबा. डोंगरातल्या गरीब आजाऱ्यांसाठी तो असायचा आणि संस्थेने त्याला नाव दिलं होतं 'मायेचा डबा'.

थोड्याच दिवसांत रॉइसला खोकला लागला, ताप चढला आणि एका सकाळी त्याचे ओठ निळे पडले. आयोनने त्याला पिकअपमध्ये घालून किनाऱ्यावरच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला.

"फुप्फुसात बुरशी गेलीय. तुम्हाआम्हाला काही झालं नसतं. यांच्या अंगात लढायला काही उरलेलंच नाही. हे काय ओढतात?"

घरी येऊन आयोनने एक न उघडलेली नळी उघडली, कांडी मधोमध मोडली. आत शिळ्या पावावर धरते तशी करडी लव होती. माया म्हणे!

बुरशीची तक्रार आणखीही घरांतून गेली असावी, कारण दुसऱ्या दिवशी गल्चच्या दुकानाच्या दारावर संस्थेची चिठ्ठी लागली. मायेच्या डब्यातल्या नळ्या सदोष निघाल्या आहेत, त्या निवडणाऱ्या नोएमी बेटनकोर्ट यांना काढून टाकण्याचा ठराव आज, शनिवारी संध्याकाळच्या सभेत येईल, वगैरे वगैरे. आयोनचं उभं आयुष्य शेरीफच्या पोलीस खात्यात डेप्युटी म्हणून गेलं होतं. खुनी पाहिले, चोर पाहिले, पण कुणाचा गळा धरावा असं तिला कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. तिने पिकअप नोएमीच्या घराकडे वळवला.

२

"मारायला आलात की ओरडायला?" नोएमीने दार उघडताच विचारलं. "ओरडणारे सकाळपासून येऊन गेलेत. मारणारं अजून कोणी आलेलं नाही."

"माझा भाऊ नाकात नळ्या घालून पडलाय," आयोन म्हणाली. "तुझ्या काचेच्या नळ्यांमुळे."

पोरगी तिशीची, पोर्तुगीज गवळ्यांच्या घरातली, नाकाच्या शेंड्यावर राग. ती रडली नाही आणि तिने माफीही मागितली नाही. तिने आयोनला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. खिडकीतल्या फळीवर बरण्या, डब्या आणि नळ्या ओळीने मांडल्या होत्या.

"ही पत्र्याची डबी. दिसायला देखणी, झाकण म्हणजे चाळण. ही बूच मारलेली काच, बुचातून हवा जाते. ही प्लॅस्टिकची, चार वेळा उघडली की सैल पडते. ही कागदाची. मातीत विरघळते म्हणून सगळे तिच्यावर फिदा. हिच्यात कांडी दोन आठवड्यांत वाळकं गवत होते. अख्खा उन्हाळा मी एकच माल या सगळ्यांत ठेवला, तोलून पाहिला, हुंगून पाहिला. लोक म्हणायचे नोएमी कांड्यांना अंडी उबवायला बसलीय. शेवटी ही निवडली. जाड काच, फिरकीचं झाकण, आतून रबर. आणि आत ओलाव्याची पुडी. माल कोरडा पडला तर पुडी ओल सोडते, माल ओला असला तर ओल पिते. हिच्यात दोष आहे म्हणणाऱ्याने मला दोष दाखवावा."

"बुरशीच दाखवते," असं म्हणत आयोनने खिशातून मोडलेली कांडी आणि एक बंद नळी काढली.

नोएमीने कांडीतली लव पाहिली आणि पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. "कसे आहेत रॉइस?"

"जिवंत आहे. किनाऱ्यावरचं धुकं इथे डोंगरातही चढतं. गाडीतच नळीत शिरलं असेल."

"शिरलं असेल तर कळेल की."

तिने पातेल्यात पाणी गरम केलं आणि बंद नळी त्यात बुडवून दाबून धरली. फट असती तर आतली हवा तापून बुडबुडे आले असते. दोघी पातेल्यावर वाकून बसल्या, पण एकही बुडबुडा आला नाही. मग आयोनने घरून आणलेल्या आणखी दोन नळ्या बुडवल्या. त्यांचंही तेच.

आयोनने तिन्ही नळ्या पुसून ओळीने ठेवल्या. आली होती गळा धरायला आणि हाताशी धरायला काहीच उरलं नव्हतं.

"दुकानात विकायला जातात त्या कांड्या कशात असतात?" तिने विचारलं.

"याच नळीत, एकाच खोक्यातल्या. त्यातली एकही खराब झालेली नाही." नोएमीने फळीवरची एक विक्रीची नळी उघडून पुडी काढली. पातळ, पत्त्यासारखी. मग रॉइसची नळी उघडली. तिच्यातली पुडी फुगून टम्म झाली होती.

आयोनने दोन्ही पुड्या तळहातांवर घेतल्या. "ही पाणी पिऊन पिऊन थकलीय."

"हो."

"बाहेरून पाणी आलेलं नाही. म्हणजे झाकण लागलं तेव्हाच आत होतं." ती सावकाश बोलत होती. "नळीने काही बिघडवलेलं नाही. तिच्यात जे घातलं ते तिने इमानाने सांभाळलं. कुणीतरी तिच्यात ओला माल घातलाय."

नोएमीने मोडलेली कांडी हुंगली आणि कपाळाला आठी घातली. "डब्यावरच्या चिठ्ठीत यंदाच्या सुगीचा माल म्हटलंय. यंदाच्या वाणाला पाइनच्या चिकाचा वास आहे. हा संत्र्याचा वास कुठला?"

३

गाडी चालवणारा ओटिस संस्थेच्या फाटकापाशीच भेटला. त्याच्या बापाची गांजाची झाडं आयोनने एकेकाळी हेलिकॉप्टरमधून हेरून मुळासकट उपटली होती, आणि हे त्याने विसरावं अशी तिची अपेक्षाही नव्हती.

"या, डेप्युटीबाई! गांजा शोधायला आलात? उशीर झाला, आता परवाना आहे आमच्याकडे."

"मायेचे डबे तूच पोचवतोस ना? गाडी धुक्यात उभी केली होतीस का?"

"रात्रभर. मग? बाटलीबंद दूध धुक्यात पातळ होतं का?" ओटिस हसला, मग जरा घुटमळला. "रॉइसचं ऐकलं. वाईट झालं. त्याने मला पोरगा असताना करवत चालवायला शिकवलंय. एक सांगू? या खेपेला डबे मला उशिरा मिळाले. आदल्या दिवशी कांड्या कागदी खोक्यांत भरलेल्या मी पाहिल्या होत्या. सकाळी येऊन बघतो तर सगळ्या काढून नळ्यांत घालणं चाललेलं. टेट म्हणाला, फोटो काढायला माणसं यायचीत, मायेचा डबाही विक्रीच्या मालासारखा दिसला पाहिजे."

टेट लिंडक्विस्ट संस्थेचा व्यवस्थापक. त्याचे आईबाप शहर सोडून या डोंगरात तंबूत राहायला आलेले, हा मात्र इस्त्रीचा सदरा घालणारा. आयोनला खुर्ची देऊन त्याने आवाजात तूप ओतलं.

"आयोन, तुमच्या दुःखात आम्ही सगळे आहोत. आमचा माल प्रयोगशाळेतून पास झालेला आहे, हा बघा दाखला. दोष नळीचा. नोएमीने आमचं ऐकलं नाही."

"नळीत फट नाही. मी पाण्यात बुडवून पाहिलं."

"काच आहे ती, आत दमट होतं. घाम येतो." तो बोलून गेला आणि तिच्या डोळ्यांत पाहून घाईने पुढे म्हणाला, "आणि आम्ही काही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. डबे गेलेल्या सगळ्यांना मी स्वतः कळवलंय. कांड्या नळीतून काढा, साध्या बरणीत ठेवा आणि खुशाल वापरा."

आयोन उठून उभी राहिली. "वापरा?"

"माल चांगलाच आहे ना."

ती तशीच बाहेर पडली. थांबली असती तर हात उचलला गेला असता. पिकअपमध्ये बसून तिने मोडलेली कांडी नाकाशी नेली. वर संत्रं होतं. तिने डोळे मिटले. संत्र्याखाली काजळीचा, विझलेल्या लाकडाचा वास होता. घरातल्या कपाटात टांगलेल्या स्वेटरलाही हाच वास अजून येत होता.

गेल्या वर्षीच्या वणव्याचा वास. त्या शरदात डोंगर आठवडेच्या आठवडे जळत होता आणि उभं पीक धुरात न्हालं होतं. कुणी तो माल विकत घेईना. तो सगळा खतात गाडला, असं संस्थेने भर सभेत सांगितलं होतं.

रॉइसला कळलं होतं. त्याने तोंडावर सांगितलं होतं आणि तिने ते त्याच्या केमोवर ढकललं होतं.

४

फर्न एबलसनच्या स्वयंपाकघरात आलं की तिच्याशी भांडणं अवघड व्हायचं. पंच्याहत्तरी ओलांडलेली, वेणी कमरेपर्यंत, सगळ्या डोंगराला मुलं समजणारी बाई. गांजा वाळवून मुरवायची खोली तिच्या ताब्यात. मायेचा डबाही तिचाच. एड्सने तरणीताठी पोरं मरत होती आणि गांजा बाळगला तर तुरुंग होता, त्या काळात फर्न शहरातल्या इस्पितळांत पिशवीत लपवून कांड्या न्यायची. हे आयोनला ठाऊक होतं आणि तिने फर्नला कधी अडवलं नव्हतं.

"बस गं. चहा टाकते," फर्न म्हणाली. "रॉइससाठी रोज दिवा लावतेय."

ओट्यावर तिच्या स्वतःच्या मालाची बरणी होती. बरणीत हिरव्या कळ्यांवर संत्र्याच्या सालीचा एक तुकडा पडला होता. फर्नने बोलता बोलता झाकण उघडलं, साल उचलून फेकली, बरणी हलवली.

"हे कशाला?"

"माल कोरडा पडला की साल टाकायची, ओल धरतो. पण दुसऱ्या दिवशी काढायची आणि रोज झाकण उघडून बरणीला ढेकर काढायला लावायची. तुम्ही पोलीस लोकांनी नुसतं तोडलंत, मुरवायचं कसं ते कधी शिकलातच नाही."

"मायेच्या डब्यातल्या मालात किती साली टाकल्यास?"

"मुठी भरभरून. पिंपातला माल पार भुगा झाला होता, कांडीत भरताना उडत होता. जरा जास्तच ओलावला मी. म्हटलं कागदी खोक्यांत जायचाय, वाटेत जास्तीची ओल उडून जाईल. दर खेपेला तसंच..." तिचा हात बरणीच्या झाकणावर थांबला.

"कागदी खोक्यांत गेला नाही तो, फर्न."

"टेट म्हणाला होता खोक्यांत."

"दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नळ्यांत घालायला लावला. ओला माल, वर रबराचं झाकण. ढेकर कोण काढणार? आणि प्रयोगशाळेत नमुना कधी गेला?"

"साली टाकायच्या आधी," फर्न पुटपुटली. "सुका असताना." ती खुर्चीवर बसली. "मला माहीत नव्हतं गं. देवाशपथ, मला नळ्यांचं माहीत नव्हतं."

आयोनला तिची दया आली आणि दयेपेक्षा संताप जास्त आला.

"नळ्यांचं नव्हतं माहीत. आणि मालाचं? या डोंगरात तुझ्यासारखं नाक दुसरं कुणाचं नाही. पिंपं उघडलीस तेव्हा वास आला नाही तुला?"

फर्नने बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"वणव्याचा माल होता ना तो?"

"फेकवत नव्हता," फर्न म्हणाली. "आणि फुकटच तर द्यायचा होता."

"तुझ्या तोंडून हे ऐकायला लागेल असं वाटलं नव्हतं मला."

शेगडीवर चहा उकळत होता. आयोनने गॅस बंद केला आणि टोपी उचलली.

"टेटने त्यांना कांड्या बरणीत काढून ओढायला सांगितलंय. तो नळीला दोष देतोय, म्हणून लोक अजून ओढतायत. चल."

"कुठे?"

"सभेला. तू तुझ्या पायांनी येतेस की मी जुन्या सवयीने दंडाला धरू?"

५

सभा अग्निशमन दलाच्या शेडमध्ये होती. संस्थेचे सगळे शेतकरी घडीच्या खुर्च्यांवर बसले होते, कुणी केक आणला होता, कुणी सूप. नोएमी मागच्या भिंतीला टेकून एकटीच उभी होती. तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आयोन आत आली तेव्हा टेट ठराव वाचून संपवत होता.

"...तेव्हा नोएमी बेटनकोर्ट यांना संस्थेतून काढावं, याच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत."

"हात खालीच ठेवा!" आयोन ओरडली.

माना मागे वळल्या. "डेप्युटीला सभेत मत नाही," कुणीतरी कुजबुजलं.

"मत नको मला. पातेलं द्या."

सुपाशेजारी चहाच्या गरम पाण्याचं पातेलं होतं, तेच तिने टेबलावर ओढलं आणि नळी बुडवून धरली. एकही बुडबुडा येत नाही, हे सगळ्यांना पाहू दिलं. मग दोन पुड्या फिरवल्या, एक पातळ, एक फुगलेली. मोडलेली कांडी पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या नाकाशी धरली. "मोठ्याने सांगा, कसला वास येतो?"

म्हाताऱ्याने हुंगलं आणि मान खाली घातली. "जळक्याचा."

"यंदा वणवा लागला होता का इथे?"

आयोनने सगळं सांगितलं. खतात गाडलेला म्हणून सांगितलेला माल, सुका नमुना, साली, खोक्यांतून काढून नळ्यांत घातलेल्या कांड्या. ती साली म्हणाली तेव्हा फर्न उठून उभी राहिली आणि म्हणाली, "साली माझ्या." एवढंच बोलून ती उभीच राहिली.

टेटचा चेहरा लाल झाला. "हो, मी भरला तो माल! मी एकट्याने? तुम्हीच प्रत्येकाने येऊन मला सांगितलंत, टेट, एवढा माल वाया घालवू नकोस, लाव कुठेतरी. कुठे लावणार होतो मी? दुकानदार परत पाठवतात. आजारी माणूस परत पाठवत नाही. तुम्ही कुणी विचारलंत, कुठे लावलास म्हणून?"

एवढा वेळ सगळ्यांना टेटकडे रागाने पाहता येत होतं. आता कुणी कुणाकडे पाहीना.

तसं असेल असं आयोनच्या मनातही आलं नव्हतं. ती एक खलनायक धरायला आली होती आणि समोर शेडभर सज्जन बसले होते. सूप करून आणणारे, रॉइससाठी दिवे लावणारे.

"नोएमीला काढायला हात वर करणार होतात ना?" ती म्हणाली. "मग आता करा. ज्याच्या ज्याच्या शेतातला वणव्याचा माल मायेच्या डब्यात गेला, त्याने हात वर करावा."

मग पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याचा हात वर गेला. त्याच्या बायकोचा गेला. मग मधल्या रांगेत एक, खिडकीपाशी दोन, आणि मग इतके की मोजण्यात अर्थ राहिला नाही. नोएमी भिंतीला टेकून सगळं पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं.

"हात वर करून झाले?" ती पुढे आली. "आता खाली घ्या आणि खिशात घाला. फोन काढा. ओटिस, तुला सगळी घरं माहीत आहेत. नंबर सांग. आत्ता या घडीला कुणीतरी बरणीतून कांडी काढत असेल. ओढू नका म्हणून सांगा त्यांना. आणि का, तेही सांगा."

"नळ्यांचं काहीतरी झालंय असं सांगू का?" टेटने हळूच विचारलं.

"अजून एकदा नळी म्हणालास," आयोन म्हणाली, "तर या पातेल्यात तुझं डोकं बुडवून बुडबुडे मोजीन."

कुणी हसलं नाही. ओटिस फोनमधून नंबर वाचू लागला आणि एकेकजण ते घेऊन शेडच्या कोपऱ्यात जाऊ लागला. माझा माल होता. माझ्या शेतातला होता. जळका होता, ओला होता, आम्हाला माहीत होतं. आवाज एकमेकांत मिसळत होते आणि प्रत्येकजण दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होता.

फर्नने नंबर मागितला नाही. तिला तो पाठ होता. खाली नदीकाठी राहणारी तिची जुनी मैत्रीण, इस्पितळांच्या दिवसांत पिशवीचा दुसरा बंद धरणारी.

पलीकडे फोन उचलला गेला. आधी नुसता खोकला ऐकू आला.

"मी फर्न," ती म्हणाली. "ऐक. बरणी बंद कर आणि हात लावू नकोस. ओटिस गाडी घेऊन येतोय, तुला दवाखान्यात नेईल. नाही गं, नळी चांगली होती. नळी अगदी चांगली होती. आम्हीच तुला वाईट दिलं."